अमेरिकेच्या अध्यक्षाचे अधिकार: आले कुठून, वाढले कसे, अडतात कुठे? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आधी एक खुलासा. या पानावर ‘काँग्रेस’ म्हणजे अमेरिकेची संसद, प्रतिनिधिगृह आणि सिनेट मिळून. आपल्याकडच्या पक्षाशी तिचा संबंध नाही.

राज्यघटनेने अध्यक्षाला मुळात दिलं तरी काय?

फार नाही. १७८७ साली फिलाडेल्फियात घटना लिहायला बसलेली मंडळी नुकतीच एका राजाच्या तावडीतून सुटली होती. त्यांनी पहिलं कलम लिहिलं ते काँग्रेसबद्दल. कर, आयातशुल्क, परदेशी व्यापार, तिजोरीतला खर्च, सैन्याची उभारणी, युद्ध पुकारणं, हे सगळं तिथे. अध्यक्षाचा नंबर दुसऱ्या कलमात. तो सैन्याचा सरसेनापती, तह आणि मोठ्या नेमणुका करणारा (सिनेटची संमती घेऊन), गुन्हे माफ करणारा आणि कायदे नीट पाळले जातात की नाही हे बघणारा. शिवाय काँग्रेसने मंजूर केलेलं विधेयक तो नकाराधिकार वापरून परत पाठवू शकतो. मग दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी ते पुन्हा मंजूर केलं, तरच त्याचा कायदा होतो. हा दोन-तृतीयांशचा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो फार कामाला येणार आहे.

एक फट मात्र तेव्हाच राहून गेली. काँग्रेसला ‘इथे दिलेले’ कायदे करण्याचे अधिकार आहेत असं घटना म्हणते. अध्यक्षाला ‘कार्यकारी अधिकार’ आहे असं म्हणते आणि पुढे सरकते. तो कुठे सुरू होतो, कुठे संपतो, यावर सव्वादोनशेहून जास्त वर्षं वकिलांची चूल पेटते आहे.

पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याच्या वेळी कारभार कसा चालायचा?

चाचपडत. ऑगस्ट १७८९ मधला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. क्रीक या मूळनिवासी लोकांशी तह करायचा होता. तह सिनेटच्या ‘सल्ल्याने आणि संमतीने’ करायचा, असं घटनेत लिहिलेलं. म्हणून वॉशिंग्टन युद्धमंत्री हेन्री नॉक्सला घेऊन थेट सिनेटच्या दालनात गेला आणि सल्ला मागितला. कागद वाचून दाखवले जाऊ लागले, पण बाहेर रस्त्यावर घोडागाड्यांचा एवढा खडखडाट की कुणाला धड ऐकू येईना. मग सिनेटर म्हणाले, कागद ठेवून जा, समितीकडे देतो, बघून सांगतो. वॉशिंग्टन भडकला. दोन दिवसांनी तो परत आला, कामही झालं, पण त्यानंतर सल्ला मागायला त्याने सिनेटची पायरी चढली नाही. पुढच्या अध्यक्षांनीही तोच कित्ता गिरवला. तह आधी करायचा आणि मग संमतीला पाठवायचा, ही आजची पद्धत तिथून रुळली. घटनेतला एक शब्दही न बदलता ‘सल्ला’ गळून पडला आणि ‘संमती’ तेवढी उरली.

दोन कार्यकाळ झाल्यावर १७९७ मध्ये तो आपणहून घरी गेला. तोही पायंडाच ठरला, आणि तो जवळजवळ दीडशे वर्षं टिकला.

एकोणिसाव्या शतकातले अध्यक्ष दुबळे होते, हे खरं का?

बहुतेक जण, हो. १८६५ ते १९०० या काळातले अध्यक्ष ओळीने सांगा म्हटलं तर अमेरिकन माणूसही अडखळेल. कारभार काँग्रेसच्या समित्या चालवत.

अपवाद दणदणीत आहेत. १८०३ मध्ये जेफरसनने फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरला लुइझियानाचा प्रचंड मुलूख घेतला. असा अधिकार घटनेत आहे का, याची शंका खुद्द जेफरसनलाच होती. केंद्र सरकारच्या अधिकारांना आवर घाला म्हणून घसा कोरडा करणारा माणूस हा! त्याच्यानंतर अँड्र्यू जॅक्सन. आधीच्या सहा अध्यक्षांनी मिळून दहा वेळा नकाराधिकार वापरला होता, या एकट्याने बारा वेळा वापरला. विधेयक घटनाबाह्य वाटलं तरच नाकारावं, असा आधी संकेत होता. जॅक्सनने १८३२ मध्ये राष्ट्रीय बँकेचं विधेयक धोरणच पसंत नाही म्हणूनही नाकारलं. विरोधकांनी त्याचं मुकुट घातलेलं व्यंगचित्र काढून ‘राजा अँड्र्यू’ म्हणून वाटलं. सिनेटने १८३४ मध्ये त्याच्या निषेधाचा ठराव केला. तीन वर्षांनी त्याच्या पक्षाची सरशी झाल्यावर तो इतिवृत्तातून खोडूनही टाकला.

लिंकनने घटना मोडली का?

काही बाबतींत मोडली, असं माझं मत आहे. पण ज्या क्रमाने गोष्टी घडल्या तो पाहिल्याशिवाय निवाडा करू नये.

१२ एप्रिल १८६१ ला दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांनी फोर्ट सम्टर या सरकारी किल्ल्यावर तोफा डागल्या आणि यादवी युद्ध पेटलं. काँग्रेसचं अधिवेशन चालू नव्हतं. लिंकनने ते बोलावलं, पण ४ जुलैला. मधल्या अकरा-बारा आठवड्यांत त्याने ७५ हजारांची फौज मागवली, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, नियमित सैन्यात भरती वाढवली आणि ‘हेबियस कॉर्पस’ स्थगित केला. म्हणजे अटक केलेल्या माणसाला कोर्टापुढे उभं करायची सक्ती उरली नाही. ही स्थगितीची तरतूद घटनेत आहे, पण ती काँग्रेसच्या कलमात. मेरीलँडमधल्या एका अटकेवरून सरन्यायाधीश टॉनीने स्पष्ट निकाल दिला की अध्यक्षाला हा अधिकार नाही. लिंकनने तो निकाल बाजूला ठेवला आणि ४ जुलैच्या संदेशात उलट सवाल केला: एक कायदा मोडू नये म्हणून बाकी सगळे कायदे आणि सरकारही कोसळू द्यायचं का?

काँग्रेसने मागाहून त्याच्या बहुतेक कृतींना मान्यता दिली, १८६३ मध्ये हेबियस कॉर्पसबद्दल कायदाही केला. आधी कृती, मग मंजुरी. पुढच्या अध्यक्षांनी लिंकनकडून उचलला तो हा क्रम. त्याच्यामागची नड सगळ्यांकडे होतीच असं नाही.

गुलाममुक्तीचा जाहीरनामा (१ जानेवारी १८६३) त्याने सरसेनापती या नात्याने, युद्धातला उपाय म्हणून काढला. म्हणूनच तो फक्त बंडखोर प्रदेशाला लागू होता आणि गुलामगिरी कायमची संपवायला १८६५ ची तेरावी घटनादुरुस्ती लागली. अध्यक्षाच्या हुकुमाची मर्यादा लिंकनला पुरती कळत होती.

मग आजच्यासारखा ताकदवान अध्यक्ष कधीपासून?

सुरुवात थिओडोर रूझवेल्टपासून धरतात (१९०१ ते १९०९). घटनेने किंवा कायद्याने मनाई केलेली नाही ते सगळं लोकहितासाठी अध्यक्ष करू शकतो, हा त्याचा सिद्धान्त. १९०७ मध्ये सोळा युद्धनौकांचा ताफा जगभर फिरवायचा त्याने ठरवलं, तेव्हा सिनेटच्या आरमार समितीचा प्रमुख पैसे अडवण्याची भाषा करू लागला. रूझवेल्टचं म्हणणं: ताफा पॅसिफिकपर्यंत न्यायला पुरतील एवढे पैसे माझ्याकडे आहेत, परत आणायचा की तिकडेच ठेवायचा ते काँग्रेसने ठरवावं. काँग्रेसने गुमान पैसे दिले.

खरा सांधा मात्र दुसऱ्या रूझवेल्टने, फ्रँकलिनने बदलला. मार्च १९३३, बँका धडाधड बुडत होत्या. शपथेनंतर दोनच दिवसांनी त्याने देशातल्या सगळ्या बँका बंद ठेवायचा हुकूम काढला. आधार कोणता? १९१७ चा, पहिल्या महायुद्धातला, शत्रूशी व्यापाराला आळा घालणारा कायदा! शत्रू कुठेच नव्हता. तीन दिवसांनी काँग्रेसने एका दिवसात विधेयक मंजूर करून ते सारं नियमित केलं आणि १९१७ च्या कायद्यातले अधिकार शांततेच्या काळातही वापरायची मुभा दिली. सभागृहातल्या सदस्यांच्या हाती छापील प्रतीसुद्धा नव्हत्या, विधेयक वाचून दाखवलं गेलं. हा १९१७ चा कायदा पुढे पुन्हा भेटणार आहे.

१९३९ मध्ये अध्यक्षाचं स्वतंत्र कार्यकारी कार्यालय उभं राहिलं. त्याआधी व्हाइट हाउसमध्ये अध्यक्षाच्या मदतीला मोजके लोक असत. रेडिओवरून लोकांशी थेट बोलण्याची सोय तोवर झालीच होती.

फ्रँकलिन रूझवेल्टला कुणीच अडवलं नाही?

अडवलं, आणि त्याच्याच पक्षाने. १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायाधीशांची संख्या नऊवरून पंधरापर्यंत वाढवता यावी अशी योजना त्याने आणली. सिनेटमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं भरघोस बहुमत असूनही ती ७० विरुद्ध २० मतांनी समितीकडे परत गेली आणि तिथेच विझली.

पण जिथे अडवायला हवं होतं तिथे सगळे गप्प बसले. १९ फेब्रुवारी १९४२ च्या आदेश क्रमांक ९०६६ खाली सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यातले जवळपास दोन-तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. काँग्रेसने आदेशाला कायद्याचं पाठबळ दिलं, १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याच्या बाजूने कौल दिला. माफी मागायला १९८८ साल उजाडलं. हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर दिले गेले.

युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा, मग युद्धं अध्यक्ष कशी काय करतात?

काँग्रेसने रीतसर युद्ध शेवटचं पुकारलं ते जून १९४२ मध्ये, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. त्यानंतर कोरिया, व्हिएतनाम, इराक, अफगाणिस्तान, एकाही ठिकाणी नाही. कोरियात ट्रुमनने १९५० मध्ये काँग्रेसला न विचारता सैन्य उतरवलं आणि त्याला ‘पोलीस कारवाई’ म्हटलं. ३६ हजारांहून जास्त अमेरिकन सैनिक त्यात गेले.

व्हिएतनामच्या वेळी काँग्रेसने कोरा चेक लिहून दिला. ७ ऑगस्ट १९६४ चा टॉन्किन आखाताचा ठराव प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी पास झाला. सप्टेंबर २००१ मध्ये पुन्हा तेच. अल-कायदाविरुद्ध बळ वापरायच्या ठरावाला प्रतिनिधिगृहात एकच मत विरोधात पडलं, कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचं. त्या ठरावाचा आधार घेऊन पुढे दोन दशकं, तेव्हा जन्मालाही न आलेल्या संघटनांवर कारवाया झाल्या.

१९७३ च्या कायद्याने लगाम बसला होता ना?

कागदावर. निक्सनचा नकाराधिकार मोडून काँग्रेसने तो कायदा केला. सैन्य लढाईत उतरवलं तर अध्यक्षाने ४८ तासांत कळवायचं आणि काँग्रेसने संमती दिली नाही तर साठ दिवसांत लढाईतून बाहेर काढायचं. (माघारीसाठी वर तीस दिवस.) १९९९ मध्ये कोसोवोसाठीचा बॉम्बवर्षाव ७८ दिवस चालला. २०११ मध्ये लिबियात साठ दिवस उलटले तेव्हा ओबामा यांच्या सरकारने सांगितलं की हे कायद्याच्या अर्थाने ‘लढणं’च नाही. हा वकिली कावा बघून हसावं की रडावं कळत नाही.

अध्यक्षाला कोर्टाने खरोखर रोखल्याचं एखादं ठळक उदाहरण?

१९५२ चा पोलाद खटला. कोरियात युद्ध चालू, पोलाद कामगार संपावर जाणार. ट्रुमनने ८ एप्रिलला गिरण्या सरकारच्या ताब्यात घेतल्या. २ जूनला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन असा निकाल देऊन ते रद्द केलं. ट्रुमनने गिरण्या परत केल्या आणि संप सुरू झाला तो सात आठवड्यांच्या वर चालला. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सनने या निकालात घालून दिलेली कसोटी आजही वापरतात. काँग्रेसची संमती असेल तर अध्यक्ष सर्वांत बलवान, काँग्रेस गप्प असेल तर धूसर प्रदेश, काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध असेल तर सर्वांत दुबळा.

दुसरं उदाहरण निक्सनचं. वॉटरगेट प्रकरणात (विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घुसखोरी आणि ती दडपण्याचा प्रयत्न) व्हाइट हाउसमधल्या संभाषणांच्या टेप्स द्या, असा निकाल २४ जुलै १९७४ ला आठ विरुद्ध शून्य असा आला. ९ ऑगस्टला त्याने राजीनामा दिला.

एकदा लावलेली आणीबाणी काँग्रेसला उठवता येत नाही का?

येते, पण जवळजवळ अशक्य आहे. त्यामागे एका भारतीय वंशाच्या विद्यार्थ्याची कथा आहे.

आपल्या घटनेत आणीबाणीची कलमं आहेत, अमेरिकेच्या घटनेत असा भाग नाही. तिथली आणीबाणी काँग्रेसने केलेल्या कायद्यांतून येते. वॉटरगेटनंतर भानावर आलेल्या काँग्रेसने १९७६ मध्ये नियम केला की अध्यक्षाने जाहीर केलेली आणीबाणी दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने ठराव करून संपवावी. अध्यक्षाची सही नको.

आता जगदीश राय चढ्ढा. केनियात जन्म, भारतीय आईवडील, ओहायोमध्ये शिक्षण. १९७२ मध्ये विद्यार्थी व्हिसा संपला. देशाबाहेर काढण्याची कारवाई स्थलांतर खात्याच्या न्यायाधीशाने थांबवली, पण १९७५ मध्ये प्रतिनिधिगृहाने एकट्याने ठराव करून ती सवलत रद्द केली. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८३ मध्ये सात विरुद्ध दोन असा निकाल लागला की अध्यक्षाकडे सहीला न पाठवता अशा ठरावाने काही रद्द करणं घटनाबाह्य आहे. चढ्ढा सुटले, पण अशी तरतूद असलेल्या जवळपास दोनशे कायद्यांतला काँग्रेसचा लगामही त्याबरोबर सुटला.

त्यामुळे १९८५ मध्ये आणीबाणीचा नियम बदलावा लागला. आता ठराव अध्यक्षाकडेच जातो. तो नाकारतो. मग लागतं दोन-तृतीयांश. फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्रम्प यांनी मेक्सिकोच्या सीमेवरील भिंतीसाठी आणीबाणी जाहीर केली. ती संपवायचा ठराव प्रतिनिधिगृहात पास झाला, सिनेटमध्ये त्यांच्याच पक्षाच्या काही सदस्यांची साथ मिळून ५९ विरुद्ध ४१ ने पास झाला. ट्रम्प यांनी नाकारला. दोन-तृतीयांश जमले नाहीत. विषय संपला. इराणबाबत कार्टर यांनी नोव्हेंबर १९७९ मध्ये लावलेली आणीबाणी तर दरवर्षी वाढवली जाते आहे.

आयातशुल्क काँग्रेसचा विषय, तर भारतावर ५० टक्के शुल्क ट्रम्प यांनी एकट्याने कसं लावलं?

१९३० पर्यंत काँग्रेस स्वतः एकेका मालावरचं शुल्क ठरवत असे. १९३० च्या शुल्कवाढीने जगभर कटुता झाल्यावर १९३४ मध्ये तिने बोलणी करून शुल्क कमी-जास्त करायचा अधिकार अध्यक्षाला दिला. मग १९६२, १९७४ असे एकेक कायदे होत अधिकार वाढतच गेले.

२०२५ मधला मुख्य आधार वेगळा होता. १९१७ चा तोच शत्रुव्यापाराचा कायदा आठवा. १९७१ मध्ये निक्सनने आयातीवर १० टक्के जादा शुल्क लावलं, त्याचं समर्थन सरकारी वकिलांनी पुढे कोर्टात याच कायद्याने केलं. तो आवरायचा म्हणून काँग्रेसने १९७७ मध्ये शांततेच्या काळासाठी नवा आर्थिक आणीबाणीचा कायदा केला. ट्रम्प यांनी उचलला तो हा. ‘आयातीचं नियमन’ करता येईल असं त्यात आहे, ‘शुल्क’ हा शब्द कुठेच नाही. भारतीय मालावर ७ ऑगस्ट २०२५ पासून २५ टक्के आणि रशियन तेलाच्या कारणावरून २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के शुल्क लागलं. अंधेरीच्या सीप्झमधल्या दागिन्यांच्या कारखान्यांपर्यंत त्याची झळ पोहोचली. अमेरिकेच्या व्यापार न्यायालयाने मे २०२५ मध्ये आणि अपील न्यायालयाने ऑगस्टमध्ये सरकारविरुद्ध निकाल दिला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

ट्रम्प यांनी लावलेली एच-वन-बी व्हिसाची (परदेशी कुशल कर्मचाऱ्यांसाठीचा व्हिसा) एक लाख डॉलरची फीदेखील अशीच?

मार्ग वेगळा, तऱ्हा तीच. १९५२ च्या स्थलांतर कायद्यात एक तरतूद आहे: परदेशी लोकांचा प्रवेश देशहिताला बाधक वाटला तर अध्यक्षाने तो थांबवावा किंवा त्यावर अटी घालाव्यात. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तिचा अर्थ खूप सैल लावला. १९ सप्टेंबर २०२५ ची घोषणा याच तरतुदीखालची. जुन्या व्हिसाधारकांनाही ती लागू आहे का, हे त्या शुक्रवारी कुणालाच नीट माहीत नव्हतं. सुट्टीवर पुण्याला आलेल्यांना कंपन्यांचे ‘ताबडतोब परत या’ असे निरोप आले. फी फक्त नव्या अर्जांना आहे, हा खुलासा दुसऱ्या दिवशी झाला.

कार्यकारी आदेश म्हणजे आपला अध्यादेशच ना?

नाही. आपला अध्यादेश संसदेच्या कायद्याच्या तोडीचा असतो, पण अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत संसदेने मंजूर केला नाही तर तो संपतो. अमेरिकेतला कार्यकारी आदेश म्हणजे सरकारी यंत्रणेला दिलेली सूचना. तिला घटनेचा किंवा आधीच्या एखाद्या कायद्याचा आधार लागतो. मुदत नसते, पण पुढचा अध्यक्ष पहिल्याच दिवशी तो केराच्या टोपलीत टाकू शकतो, आणि टाकतात. आधार तोकडा पडला तर कोर्टही उडवतं. बायडेन यांची सुमारे ४०० अब्ज डॉलरची विद्यार्थी कर्जमाफी २०२३ मध्ये अशाच कारणाने गेली.

अध्यक्षावर गुन्ह्याचा खटला चालतो का?

सर्वोच्च न्यायालयाच्या १ जुलै २०२४ च्या निकालानंतर (सहा विरुद्ध तीन) मोठी पंचाईत आहे. घटनेने थेट दिलेल्या अधिकारांखालच्या कृत्यांना पूर्ण संरक्षण, बाकी अधिकृत कृत्यांना निदान प्राथमिक संरक्षण, खासगी कृत्यांना काहीच नाही. अधिकृत काय आणि खासगी काय, हे खालच्या कोर्टांनी ठरवायचं. मला हा निकाल गेल्या पन्नास वर्षांतला सर्वांत दूरगामी वाटतो, कारण यावेळी अधिकार काँग्रेसने दिलेला नाही. तसा असता तर निदान कायदा बदलून परत मागता आला असता.

महाभियोगाने कुणाला घरी पाठवलंय?

एकालाही नाही. जॉन्सन (१८६८, एका मताने वाचला), क्लिंटन, ट्रम्प दोनदा. सिनेटमध्ये दोन-तृतीयांश लागतात.

अणुबॉम्बचं बटण खरंच एकट्याच्या हाती?

बटण नसतं, पण हुकूम एकट्याचाच. नागासाकीनंतर लगेच, ऑगस्ट १९४५ मध्ये ट्रुमनने सांगितलं की माझ्या स्पष्ट परवानगीशिवाय पुढचा बॉम्ब टाकायचा नाही. लष्कराला आवर घालायला केलेली ही गोष्ट. आज तिचा अर्थ असा उरला आहे की अध्यक्षाला कुणाचीच परवानगी लागत नाही.

इतकं सगळं आहे तर काँग्रेस अधिकार परत का घेत नाही?

अधिकार देताना साधं बहुमत पुरतं, परत घेताना अध्यक्षाची सही लागते किंवा दोन-तृतीयांश. हे एक कारण झालं. दुसरं जास्त खरं: बहुतेक सदस्यांना ते नकोच असतात. युद्धाच्या बाजूने मत दिलं आणि युद्ध अंगाशी आलं तर निवडणुकीत ते मत नडतं. शुल्क वाढवलं तर मतदारसंघातला एक धंदा खूश, दुसरा नाराज. त्यापेक्षा अध्यक्षाला करू द्या, बरं झालं तर टाळ्या, बिघडलं तर टीव्हीवर निषेध. शिवाय आपल्याच पक्षाच्या अध्यक्षाला विरोध केला तर पुढच्या वेळी पक्षांतर्गत निवडणुकीतच तिकीट कापलं जायची भीती.

ट्रम्प तिसऱ्यांदा निवडून येऊ शकतात का?

नाही. फ्रँकलिन रूझवेल्ट चार वेळा निवडून आल्यावर १९५१ मध्ये बाविसावी घटनादुरुस्ती झाली: कुणीही दोनपेक्षा जास्त वेळा अध्यक्षपदी निवडून येणार नाही. ती बदलायची तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं आणि पन्नासपैकी ३८ राज्यांची मंजुरी लागेल.